'नाही' या उत्तराचा पुरावा

छातीत वारंवार पाणी होणाऱ्या माणसाच्या फुप्फुसावरच्या आवरणाचा तुकडा परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासायला येतो, तेव्हा पॅथॉलॉजिस्टला पुष्कळदा एका प्रथिनाची गैरहजेरी शोधायची असते. त्या प्रथिनाचं नाव बॅप-१. निरोगी पेशीच्या केंद्रकात ते असतंच. या आवरणाच्या कर्करोगात, म्हणजे मेसोथेलियोमात, निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये ते केंद्रकातून नाहीसं झालेलं असतं. ते आहे की नाही हे सांगायला बॅप-१ला ओळखून चिकटणारी एक अँटीबॉडी वापरतात. ती चिकटली तर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक तपकिरी दिसतं. चिकटली नाही तर निळं राहतं. नुसत्या सुजेने डिवचलेल्या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी दिसायला इतक्या सारख्या असू शकतात की, अनुभवी डोळ्यालाही त्या वेगळ्या करणं जड जातं. तिथे ती निळी केंद्रकं निर्णायक ठरतात.

या तपासणीत 'नाही' हे उत्तर म्हणजे रोग. ते बरोबर असेल तर माणसाला वेळेवर निदान मिळतं. चुकीचं असेल तर साध्या सुजेच्या माणसावर एका दुर्धर कर्करोगाचा शिक्का बसतो. म्हणून मला ठामपणे म्हणायचं आहे की, विज्ञानात आणि सार्वजनिक जीवनातही 'नाही' हे उत्तर फुकट मिळत नाही. 'असतं तर दिसलं असतं' हे ज्याने आधी सिद्ध केलं, त्यालाच 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे. परळच्या प्रयोगशाळांनी हा धडा सत्तर वर्षांपूर्वी जगाला दिला. आपण मात्र तो रक्तपेढीपुरताच ठेवला.

आधी बॅप-१ काय करतं ते पाहू. पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि मोडीतही निघतात. कोणतं प्रथिन मोडायचं, कोणाचं काम थांबवायचं किंवा बदलायचं, यासाठी पेशी त्यावर युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन जोडते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल आरॉन चिकानोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जोडलेलं युबिक्विटिन काढून घेणारी एन्झाइम्सही असतात. मानवी पेशीत ती शंभराच्या आसपास आहेत. बॅप-१ त्यांपैकी एक. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एकावरचं युबिक्विटिन ते काढतं आणि त्यातून कोणती जनुकं बोलती राहतील, कोणती गप्प बसतील यावर अंकुश ठेवतं. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला. २०११ मध्ये असं दिसलं की, काही कुटुंबांत या जनुकाची बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि त्या कुटुंबांत मेसोथेलियोमा आणि डोळ्यातला एक कर्करोग पुन्हा पुन्हा उद्भवतो. एका एन्झाइमची उणीव आणि एक कर्करोग यांचं नातं असं पक्कं झालं, तेव्हा ती उणीव शोधणारी अँटीबॉडी प्रयोगशाळेच्या फडताळातून निघून रुग्णाच्या रिपोर्टवर आली.

आता ही उणीव दिसते कशी, आणि कशी फसवू शकते? रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग तो मेणात घालून त्याचा ब्लॉक करतात. ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन ते काचेवर चढवतात. फॉर्मलिनने प्रथिनं एकमेकांत जखडलेली असतात. ती मोकळी व्हावीत म्हणून काच गरम द्रावणात ठेवावी लागते. त्यानंतर अँटीबॉडी, मग तिला ओळखणारी दुसरी अँटीबॉडी, मग तपकिरी रंग उमटवणारी रासायनिक क्रिया. यातली कोणतीही पायरी हुकली तर रंग उमटत नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला, किंवा दिवसचे दिवस पडून राहिला, तरी रंग उमटत नाही. सोलापूर, जळगाव, रत्नागिरीहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबांच्या पिशवीत गावाकडच्या प्रयोगशाळेत केलेला ब्लॉक असतो. तो तुकडा शस्त्रक्रियेनंतर किती वेळाने फॉर्मलिनमध्ये गेला, हे त्या ब्लॉकवर लिहिलेलं नसतं. तुकडा नीट जपला गेला नसेल तर काच निळी दिसेल, आणि कर्करोगातही काच निळीच दिसते.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट त्याच काचेवर असते. कर्करोगाची शंका असलेल्या पेशींच्या शेजारी त्याच तुकड्यात रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी असतात, लिंफोसाइट असतात, आधार देणाऱ्या ऊतीच्या पेशी असतात. त्यांच्यात बॅप-१ असतंच. त्यांची केंद्रकं तपकिरी झाली असतील तर अँटीबॉडीने काम केलं, रसायनांनी काम केलं, तुकडाही नीट जपला गेला होता, एवढं एका नजरेत सिद्ध होतं. मग संशयित पेशींचा निळेपणा अर्थपूर्ण ठरतो. शेजारच्या पेशीही निळ्या असतील, तर त्या काचेवरून कोणतंच मत देता येत नाही. नियम स्पष्ट आहे: अंतर्गत साक्षीदार तपकिरी नसेल, तर निळ्या रंगाची साक्ष ग्राह्य नाही. शिवाय हा पुरावा एकाच दिशेने चालतो. बॅप-१ गायब असेल तर कर्करोगाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. ते शाबूत असेल तर मेसोथेलियोमा नाही असं म्हणता येत नाही, कारण पुष्कळ मेसोथेलियोमांत ते टिकून असतं. एकाच तपासणीतल्या 'आहे' आणि 'नाही' यांचं वजन सारखं नसतं, हे रुग्णाला आणि त्याच्या गावच्या डॉक्टरांना कोणी तरी समजावून सांगायला हवं.

सत्तर वर्षांपूर्वीचा तो धडा इथे जवळच मिळाला. टाटापासून चालत काही मिनिटांवर केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५२ साली इथल्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर काही माणसांचं असं रक्त आलं की, जे कोणत्याच गटात बसेना. ए आणि बी गट ओळखणाऱ्या अँटीबॉडी त्याला चिकटल्या नाहीत. नेहमीच्या पद्धतीने ते ओ गटाचं ठरवून काम संपवता आलं असतं. पण त्या माणसांच्या रक्तद्रवात ओ गटाचं रक्त मिसळलं तर त्याच्याही गुठळ्या होत होत्या. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा पदार्थ भरपूर असतो. ए आणि बी हे त्याच एचवर साखरेचा आणखी एकेक घटक चढवून तयार होतात. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नव्हता. त्यामुळे ए नाही, बी नाही आणि ओ तर अजिबात नाही. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह हा शोध त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाच्या रक्तशास्त्रात 'बॉम्बे' हे नाव कायमचं नोंदलं गेलं. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा मानतात. या गटाच्या माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

भेंडे आणि सहकाऱ्यांची थोरवी दुर्मीळ रक्त सापडण्यात आहे, असं आपण समजतो. मला ती वेगळ्या जागी दिसते. दोन अँटीबॉडींनी दिलेलं 'नाही' त्यांनी अंतिम मानलं नाही. त्या 'नाही'ला त्यांनी उलट बाजूने तपासलं: पेशींचा गट पाहिला, तसा रक्तद्रवही पाहिला. दोन्हींचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी रुग्णाच्या रक्ताला दोष न देता आपल्या वर्गीकरणावर शंका घेतली. आज प्रत्येक चांगल्या रक्तपेढीत पेशींची आणि रक्तद्रवाची अशी दुहेरी तपासणी होते. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगटांसाठी संदर्भ केंद्र सुरू केलं. तेच पुढे केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा संस्था झालं. शंका असलेलं रक्त देशातून कुठूनही पाठवावं आणि निवाडा मिळवावा, अशी जागा परळमध्ये उभी राहिली. अँटीबॉडीच्या शब्दाला कधी मान द्यायचा, हे ठरवणारी संस्था आपण एका क्षेत्रात तरी बांधून दाखवली आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. बॉम्बे गटाच्या पेशींवर एच नसतोच, म्हणून एच ओळखण्याचा दावा करणारी अँटीबॉडी खरी आहे की खोटी, हे त्या पेशींवरच तपासता येतं. तिथेही ती चिकटली, तर ती एचला ओळखत नाही. दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. 'नाही' खरं ठरवायला जसा 'आहे'चा नमुना लागतो, तसाच 'आहे' खरं ठरवायला 'नाही'चा नमुना लागतो. आजच्या प्रयोगशाळांत हेच काम जनुक काढून टाकलेल्या पेशी करतात. बॅप-१चं जनुकच नसलेल्या पेशींवर अँटीबॉडी टाकायची. रंग उमटला, तर ती अँटीबॉडी निकामी. तपासणी इतकी सोपी असताना ती फार कमी वेळा होते, हे मला विज्ञानातलं मोठं दुखणं वाटतं.

त्या दुखण्याचं मोजमापही झालं आहे. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की, संशोधनात वापरल्या जाणाऱ्या अँटीबॉडींना नेमका दर्जा लावलाच जात नाही. २०१७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरसाठी विकल्या जाणाऱ्या १३ अँटीबॉडी तपासल्या. नेमकी निघाली ती एकच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी जनुक काढलेल्या पेशींवर तपासल्या गेल्या. आपल्या लक्ष्याला न ओळखणाऱ्या अँटीबॉडी वापरून लिहिलेले सरासरी डझनभर शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सापडले. यात कुणी लबाडी केली असं म्हणायला नको. डबीवरचं नाव आणि आतला गुण यांच्यातला फरक कुणी तपासलाच नाही, एवढंच. एखाद्या एन्झाइमवर वर्षानुवर्षं पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचं आयुष्य त्या डबीवर टांगलेलं असतं, म्हणून मला हे साधं वाटत नाही.

परळला अँटीबॉडी परकी नाही. १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेचं दार उघडलं. १९२५ साली तिला त्यांचं नाव मिळालं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरची प्रतिविषं घोड्यांच्या रक्तातून काढण्याची परंपरा या संस्थेशी जोडलेली आहे. प्रतिविष म्हणजे अँटीबॉडीच. ते रुग्णाला टोचण्याआधी ते किती विष निष्प्रभ करतं याचं मोजमाप करावंच लागतं, कारण चूक झाली तर माणूस लगेच दगावतो. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच वाणाची अँटीबॉडी पेशींकडून हवी तितकी करून घेण्याची युक्ती शोधली. तिच्यामुळे अँटीबॉडी हा जगभर विकला जाणारा माल झाला. संशोधनासाठी लागणाऱ्या बहुतेक अँटीबॉडी आपण बाहेरून मागवतो. मायक्रोलिटरच्या हिशेबाने येणारी ती कुपी बर्फात येते, महाग असते, आणि म्हणूनच ती तपासायला वापरणं प्रयोगशाळेच्या जिवावर येतं. टोचायच्या अँटीबॉडीची कसून परीक्षा घेणारे आपण पाहायच्या अँटीबॉडीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, याचं कारण एवढंच की दुसऱ्या प्रकारातली चूक उशिरा कळते, किंवा कधी कळतच नाही.

याला दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला खर्चाचा. रुग्णांची रांग परळच्या फुटपाथपर्यंत आलेली असते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून लोक उपचार घेत असतात. अशा वेळी प्रत्येक काचेमागे आणखी नियंत्रण नमुने कसे परवडणार? पण बॅप-१चा अंतर्गत साक्षीदार त्याच काचेवर फुकट मिळतो. त्याच्याकडे पाहून तसं रिपोर्टमध्ये लिहिण्याची शिस्त तेवढी लागते. बाहेरचा नियंत्रण तुकडाही त्याच काचेच्या कडेला बसवता येतो. याउलट चुकीच्या निदानावरची किमोथेरपी, फेरतपासणी आणि गावाहून परत येण्याचा फेरा, हा सगळा खर्च कुटुंबाच्या खिशातून जातो. ज्याला आपण काटकसर म्हणतो, ती पुष्कळदा खर्च गरिबावर ढकलण्याची रीत असते.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. आजारी माणसाला उत्तर हवं असतं. 'या काचेवरून सांगता येत नाही' हे वाक्य त्याला क्रूर वाटतं. खरं आहे. पण ते वाक्य रुग्णाचा हक्क आहे, असं मी मानतो. खात्री नसताना दिलेलं उत्तर त्याची पुन्हा तपासणी होण्याची शक्यताच बंद करतं. 'सांगता येत नाही, नवा तुकडा हवा' असं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट त्याच्यासाठी ते दार उघडं ठेवतो. त्याच्यामागे रुग्णालयाने, समाजाने आणि घरच्यांनी उभं राहायला हवं. घाईचं उत्तर देणाऱ्याला हुशार समजण्याची सवय सोडायला हवी.

आता प्रयोगशाळेबाहेरच्या 'नाही'कडे येऊ, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे. मेसोथेलियोमाचं मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांच्या अभ्यासातून हे नातं दाखवलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. भारतात त्याच्या खाणी थांबल्या, आयात आणि वापर चालूच राहिला. गिरण्यांच्या काळात बॉयलर आणि वाफेच्या नळ्या अ‍ॅस्बेस्टॉसने मढवण्याची जगभर पद्धत होती. लालबागपासून जवळच दारूखान्याला वर्षानुवर्षं जुनी जहाजं तोडली गेली, आणि जुन्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉस असतोच. मुलुंड आणि घाटकोपरला त्याच्या वस्तूंचे कारखाने होते. चाळींच्या आणि झोपड्यांच्या छपरांवर सिमेंटचे पत्रे आजही आहेत. तरीही 'आपल्याकडे मेसोथेलियोमा फारसा आढळत नाही' हे वाक्य वापराच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे केलं जातं.

या 'नाही'ला प्रयोगशाळेचा नियम लावून पाहा. धागा छातीत गेल्यापासून रोग उमटेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ जण कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले. त्यांपैकी कुणाच्या छातीत पुढे पाणी झालं असेल, तर क्षयाचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्या देशात पहिला संशय क्षयावरच जातो. तुकडा काढला जात नाही, काढला तर सगळ्या अँटीबॉडी लावल्या जात नाहीत, आणि माणसाने आयुष्यात कुठे काम केलं हे केसपेपरवर लिहिलं जात नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली. पण नोंदणी तेवढंच मोजते, जेवढं निदान तिच्यापर्यंत पोचतं. या सगळ्या वाटेवर शेजारची पेशी तपकिरी झाली होती का, हे कुणी पाहिलेलं नाही. मग इथला निळा रंग वाचायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तो साक्षीदार उभा करता येतो. २७ जानेवारी १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की, प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपा. ज्यांच्या छातीत धागा गेला हे निश्चित आहे, अशा माणसांची ती यादी आहे. ती घ्या, माणसं शोधा, त्यांचा पाठपुरावा करा आणि आपली रुग्णालयं नि नोंदणी त्यांच्यातला रोग पकडतात का ते पाहा. पकडत असतील, तर बाकीच्यांबद्दलच्या 'नाही'वर विश्वास ठेवू. पकडत नसतील, तर दोष तपासणीचा आहे हे मान्य करून ती दुरुस्त करू.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. अँटीबॉडीवर आधारलेल्या प्रत्येक रिपोर्टवर अँटीबॉडीचा वाण आणि नियंत्रणाचा निकाल छापला जावा. दोन ओळींचं काम आहे. रक्तगटांसाठी १९५७ साली जे केलं, ते निदानाच्या आणि संशोधनाच्या अँटीबॉडींसाठी करावं: एक संदर्भ केंद्र, जिथे जनुक काढलेल्या पेशींवर तपासलेल्या अँटीबॉडींची खुली यादी असेल आणि लहान प्रयोगशाळांना नमुने मिळतील. २०१२ साली टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं राष्ट्रीय कर्करोग ग्रिड, हाफकिनची परंपरा आणि केईएमच्या आवारातली संस्था एकत्र आल्या, तर यासाठी परळहून योग्य जागा नाही. आणि छातीत पाणी झालेल्या प्रत्येक माणसाला 'तुम्ही कुठे कुठे काम केलंत?' हा प्रश्न विचारणं सक्तीचं व्हावं. त्या प्रश्नाला कोणतीही कुपी लागत नाही.

हे सगळं केल्यावरही कदाचित उत्तर 'नाही' असंच येईल. मला त्याचा आनंदच होईल. तोवर मात्र आजारी कामगाराच्या बाजूने शंका जिवंत ठेवणं हेच विज्ञानाचं आणि न्यायाचंही काम आहे.